सहा मायक्रोलिटरचे काम

रोगजंतूचा शोध त्याच्या आकारावरून किंवा रंग धरण्याच्या गुणावरून न घेता त्याच्या डीएनए वा आरएनएमधील ओळखीच्या क्रमावरून घेणे, याला रेण्वीय निदान म्हणतात. आणि या निदानासाठी लागणाऱ्या द्रव मोजणे, मिसळणे, तापवणे, थंड करणे व प्रकाश टिपणे या क्रिया जेव्हा बोटाच्या पेराएवढ्या पट्टीवर आणल्या जातात, तेव्हा त्या पट्टीला चिपवरील प्रयोगशाळा असे नाव मिळते. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका आणि लोणावळा या भागात प्रस्तुत लेखकाने आधी काचपट्टीवर आणि पुढे चिपवर बेडका तपासण्याचे काम केले असून, त्या कामातून जे सातत्याने ध्यानात आले ते असे, की चिपमुळे आकसली ती अभिक्रिया; निदानाचे काम मात्र आकसले नाही, ते चिपच्या अलीकडे बेडक्याच्या डबीत आणि पलीकडे रुग्णाच्या दारात सरकले. प्रयोगशाळेत उरले ते सहा मायक्रोलिटरचे काम, आणि एक मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग हे लक्षात घेतले, की पाण्याचा एक थेंबदेखील त्या मानाने मोठाच ठरतो.

या कल्पनेचा इतिहास फार जुना नाही. १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन टेरी यांनी सिलिकॉनच्या चकतीवर वायूंचे पृथक्करण करणारे उपकरण कोरले. १९९० साली आंद्रेआस मांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका लहान पट्टीवर करता येईल अशी मांडणी केली, आणि तेथून सूक्ष्मप्रवाहशास्त्र, म्हणजे केसाएवढ्या नळ्यांतून द्रव खेळवण्याचे शास्त्र, वेगाने वाढले. दुसरीकडे कॅरी म्युलिस यांनी १९८३ साली पॉलिमरेज साखळी अभिक्रिया, म्हणजेच पीसीआर, सुचवली होती. तिच्यात डीएनएचा ठरावीक तुकडा आळीपाळीने तापवून व निववून प्रत्येक फेरीत दुप्पट केला जातो, आणि सगळे सुरळीत घडले तर तीस फेऱ्यांत एका तुकड्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. या दोन वाटा एकत्र येणे अपरिहार्य होते, कारण पीसीआरचा बहुतेक वेळ रासायनिक क्रियेत जात नाही, द्रव तापण्या-निवण्यात जातो. आणि द्रव जितका कमी तितका तो लवकर तापतो.

लहानपणाचे हे फायदे पुस्तकात वाचताना सोपे वाटतात. हाताखाली आल्यावर त्यांची दुसरी बाजू कळते. सूक्ष्म पातळीवर द्रवाचा स्वभावच बदलतो. रेणूंना विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, एखादे अंतर कापायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे अंतर दहापट कमी झाले की वेळ शंभरपट कमी होतो, हा लाभ. परंतु अरुंद नळीत भोवरे उठत नाहीत, दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहूनही एकमेकांत मिसळत नाहीत, आणि गुरुत्वाकर्षणाला विशेष किंमत न राहता पृष्ठताणाचे, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरील ओढीचे, राज्य सुरू होते. मोठ्या परीक्षानळीत हवेचा बुडबुडा आपणहून वर येऊन फुटतो. चिपच्या खळगीत तो तळाशी चिकटून बसतो, उष्णता नीट पोहोचू देत नाही, आणि प्रकाश मोजणाऱ्या संवेदकासमोर खोटी सावली धरतो. चिपवर नव्याने काम करणाऱ्याला पहिले शिक्षण मिळते ते या बुडबुड्याकडून. पिपेटचे टोक खळगीच्या तळाला न टेकवता, पण त्याच्या अगदी जवळ धरून, अंगठ्याचा दाब एका संथ गतीने सोडायचा आणि शेवटची श्वासभर हवा खळगीत जाऊ द्यायची नाही, एवढीच ही कृती. तरी ती हाताला बसायला काही आठवडे लागतात, आणि तोपर्यंत काही चिपा वाया जातात. त्या वाया जाण्याचे ओझे कोणत्याही अहवालात दिसत नसले, तरी शिकणाऱ्याच्या मनावर ते असते, कारण वाया गेलेल्या प्रत्येक चिपेमागे निकालाची वाट पाहत असलेले माणूस असते.

भारतात या तंत्राने सर्वांत मोठे काम केले ते क्षयरोगाच्या निदानात. बंगळूरुच्या बिगटेक लॅब्सने विकसित केलेली आणि गोव्याच्या मोलबायो डायग्नोस्टिक्सने बाजारात आणलेली ट्रूनॅट ही चाचणी चिपवर होते, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या निदानासाठी तिच्या वापराची शिफारस केली. त्याआधी दहा वर्षे, डिसेंबर २०१० मध्ये, जीनएक्स्पर्ट या काडतुसावर चालणाऱ्या अमेरिकी यंत्राला अशीच मान्यता मिळाली होती. परंतु त्या यंत्राला अखंड वीज आणि आटोक्यातले तापमान लागते, आणि ग्रामीण भागात नेमक्या या दोनच गोष्टींची हमी देता येत नाही. ट्रूनॅटची यंत्रे बॅटरीवर चालतात, चाचणीची रसायने गोठवून वाळवलेली असल्यामुळे २ ते ३० अंश सेल्सियस तापमानात टिकतात, आणि चिप एका वेळी एकाच रुग्णाची असते. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. मोठ्या प्रयोगशाळेत एका फेरीला पुरतील इतके नमुने जमेपर्यंत थांबण्याचा मोह असतो, येथे एकच माणूस आला तरी त्याच्यापुरती चाचणी लावता येते.

कामाचा क्रम असा. बेडका घट्ट आणि चिकट असतो, म्हणून प्रथम त्यात द्रवीकरणाचे द्रावण घालून तो पातळ होऊ दिला जातो. त्यातला सुमारे अर्धा मिलिलिटर पेशी फोडणाऱ्या द्रावणात जातो, आणि ते मिश्रण एका काडतुसातून नेऊन यंत्र आपणहून त्यातला डीएनए अडकवते, धुते आणि स्वच्छ द्रावात सोडवून घेते. या अर्कातले सहा मायक्रोलिटर ठरावीक मापाच्या पिपेटने वाळलेल्या रसायनाच्या चिमुकल्या नळीत घालायचे, रसायन विरघळून द्राव स्वच्छ होईपर्यंत थांबायचे, आणि तेथून सहा मायक्रोलिटर चिपच्या खळगीत सोडायचे. चिपमध्येच तापक आणि तापमान मोजणारा संवेदक बसवलेला असतो. यंत्रात सरकवल्यावर फेऱ्या सुरू होतात, आणि प्रत्येक फेरीअखेर प्रकाश मोजला जातो. ज्या फेरीत प्रकाश ठरावीक उंबरठा ओलांडतो तिचा क्रमांक म्हणजे उंबरठा-फेरी. जंतू जितके जास्त तितका हा क्रमांक लहान, आणि जंतूंच्या संख्येत दहापट फरक असला तर क्रमांकात साधारण सव्वातीनचा फरक पडतो. शिवाय एक अंतर्गत नियंत्रण असते, म्हणजे मुद्दाम घातलेला असा डीएनए, जो उजळलाच पाहिजे. नमुन्यात जंतू सापडला नाही आणि हे नियंत्रणही उजळले नाही, तर यंत्र ‘नकारात्मक’ म्हणत नाही, ‘अवैध’ म्हणते. यंत्राचा हा प्रामाणिकपणा प्रस्तुत लेखकाला त्याच्या वेगापेक्षा मोलाचा वाटत आला आहे. एक तासाच्या आसपास क्षयाचा निकाल मिळतो, आणि जंतू सापडले तर त्याच अर्कातून दुसरी चिप लावून रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही तेही पुढच्या तासाभरात समजते.

येथपर्यंतचे वर्णन मावळाबाहेरच्या कोणत्याही प्रयोगशाळेला लागू पडेल. मावळाचे वेगळेपण सुरू होते ते डबीपासून. मराठीत लाळ, थुंकी आणि बेडका हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि निदानाच्या दृष्टीने हा भेद जीवनमरणाचा आहे. तोंडातली लाळ कितीही संवेदनशील चिपवर टाकली तरी फुप्फुसातल्या जंतूचा पत्ता तिला असत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात साधारण दहा हजार जंतू असावे लागतात, तर चिपेला शंभरच्या आसपास पुरतात; पण ही शंभरपट शक्ती डबीत बेडका असेल तरच उपयोगाची. खोल श्वास दोन-तीनदा घेऊन, छातीतून खोकून, उघड्यावर, इतरांपासून दूर उभे राहून बेडका काढायचा, हे समजावून सांगण्यात जो वेळ जातो तो चाचणीच्या वेळापेक्षा कमी नसतो. ‘थुंकी द्या’ असे म्हटले की माणूस थुंकतो. ‘बाबा, छातीतला बेडका हवाय, सकाळी उठल्या उठल्या निघतो तो’ असे म्हटले की त्याला नेमके कळते. सरकारी अर्जांत ‘थुंकी तपासणी’ असा शब्दप्रयोग रूढ आहे, आणि एका शब्दाच्या ढिलाईने किती डब्या निरुपयोगी ठरतात हे ज्याने रोज डब्या उघडल्या त्यालाच ठाऊक. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. चारचौघांत खोकून बेडका काढणे त्यांना अवघड वाटते, आणि आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, सोबत असेल तर डबी भरून येते, नसेल तर पुष्कळदा लाळच येते.

त्यानंतर रस्ता आणि पाऊस. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तिन्ही खोरी सह्याद्रीच्या कण्याला टेकलेली आहेत; टाकवे, वडेश्वर, खांडी या बाजूची गावे किंवा पवना धरणामागच्या वाड्या नकाशावर महामार्गापासून जवळ दिसतात, पण पावसाळ्यात ते अंतर नकाशाचे राहत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आषाढ-श्रावणात धुके खोलीत शिरते. वाळवलेल्या रसायनाचा मोठा शत्रू उष्णता नसून ओल आहे, हे या हवेत शिकायला मिळते. चिपेचे पाकीट उघडले की ते वापरूनच संपवायचे, गप्पा मारत उघडे ठेवायचे नाही. पाकिटातली ओल शोषणारी पुडी बदललेल्या रंगाची दिसली तर ती चिप बाजूला काढायची. नळीतली वाळकी गोळी चिकट दिसली तर तिच्यावर विश्वास टाकायचा नाही, असे नियम येथे सवयीचे होतात. वीज जाणे हा पावसाळ्यातला नित्याचा प्रकार आहे, आणि त्या वेळी बॅटरीवर शांतपणे चालू राहिलेल्या यंत्राचा लहानसा पडदा अंधारात पाहिला की यंत्राचा आराखडा तयार करणाऱ्यांबद्दल मनात कृतज्ञता दाटून येते.

पाऊस आणखी एका रीतीने निदानात हस्तक्षेप करतो. जुलैमध्ये भातलावणी असते, आणि वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ ज्या खाचरांत लावला जातो, तेथे उभे असलेले माणूस खोकल्यासाठी दिवस मोडत नाही. लावणी उरकली, की महिन्याभराचा खोकला घेऊन तेच माणूस येते, तेव्हा उंबरठा-फेरीचा आकडा लहान आलेला असतो, म्हणजे जंतू वाढलेले असतात. कातकरी आणि ठाकर वस्त्यांची गोष्ट याहून कठीण. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जिल्ह्याबाहेर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या बाबतीत तासाभरात मिळणारा निकाल हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. पूर्वी नमुना पुण्याला जाऊन जंतू वाढवण्याच्या पद्धतीने औषधाचा प्रतिकार कळायला कित्येक आठवडे लागत, आणि तोपर्यंत कुटुंब भट्टीवर निघून गेलेले असे. आता तोच माणूस बाकावर बसलेला असताना त्याचा निकाल हाती येतो. तरीही प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात असे दिवस आले आहेत, जेव्हा चिपांचा पुरवठा आटला आणि यंत्र सज्ज असूनही डब्या शीतकपाटात राहिल्या. अशा दिवशी बाकावरच्या माणसाला ‘उद्या या’ म्हणावे लागते, आणि कातकरी वस्तीवरून आलेल्या माणसाचा उद्या येईलच असे नाही. चिप स्वस्त होणे, लहान होणे, चतुर होणे याइतकेच तिचे त्या दिवशी फडताळात असणे महत्त्वाचे आहे, आणि या विषयावरच्या लेखनात फडताळाचा उल्लेख जवळजवळ येत नाही याचे दुःख वाटते.

लोणावळ्याचा या क्षेत्राशी आणखी एक संबंध आहे, आणि तो अभिमानाने नोंदवण्यासारखा आहे. नांगरगावच्या औद्योगिक वसाहतीत मायलॅब डिस्कव्हरी सोल्युशन्सचा कारखाना आहे. मार्च २०२० मध्ये या कंपनीच्या कोविड-१९ पीसीआर संचाला भारतीय बनावटीचा पहिला संच म्हणून मान्यता मिळाली. विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखालील गटाने तो सहा आठवड्यांत तयार केला, १८ मार्चला तो तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे सुपूर्द झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कन्यारत्न झाले, ही हकिकत त्या वेळी देशभर वाचली गेली. एका संचात शंभर नमुन्यांची तपासणी होत असे आणि एका चाचणीची किंमत सुमारे १,२०० रुपये होती, तर आयात संचावर एका चाचणीला ४,५०० रुपये पडत. हा संच चिपवरचा नव्हता, मोठ्या यंत्रावर चालणारा होता; परंतु मे २०२१ मध्ये याच कंपनीच्या घरगुती तपासणी संचाला मान्यता मिळाली, आणि त्यातली कागदी पट्टी ही चिपवरील प्रयोगशाळेची सर्वांत साधी बहीण म्हणता येईल, कारण तिच्यातही द्रव कोणत्याही पंपाशिवाय केशाकर्षणाने, म्हणजे वातीत तेल चढावे तसा, पुढे सरकतो आणि ठरलेल्या रेषेवर उत्तर उमटवतो. फरक एवढाच, की ती पट्टी विषाणूचे प्रथिन ओळखते, जनुकीय द्रव्य नाही, आणि प्रती वाढवण्याची सोय नसल्यामुळे थोडे विषाणू तिच्या नजरेतून निसटतात. महासाथीच्या त्या दिवसांत घाटमाथ्यावरच्या या लहान गावातून निघालेल्या खोक्यांवर लोणावळ्याचे नाव वाचताना येथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना जे वाटले, ते चिक्कीच्या डब्यावर तेच नाव वाचताना कधी वाटले नव्हते.

या ठिकाणी तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना आठवल्यावाचून राहत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत उभारलेल्या निधीतून १९०८ साली हा कारखाना सुरू झाला, आणि परदेशातून येणारी काच येथे घडवावी हा त्यामागचा स्वदेशीचा विचार होता. पहिल्या सूक्ष्मप्रवाही चिपा काच आणि सिलिकॉन यांतच कोरल्या गेल्या, हे ध्यानात घेतले तर मावळाच्या मातीत हा धागा शतकापूर्वीच रुजला होता असे म्हणण्याचा मोह होतो. तो इतिहास नव्हे, जिव्हाळा आहे, आणि तसाच तो येथे नोंदवला आहे.

काचेकडे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीकडे, परत येण्याचे आणखी एक कारण चाचणीच्या स्वभावातच आहे. चिप डीएनए ओळखते, आणि डीएनए जिवंत जंतूचा की मेलेल्या जंतूचा हे तिला सांगता येत नाही. औषधाने जंतू मेल्यावरही त्याचे अवशेष काही काळ बेडक्यात येत राहतात, आणि चिप त्यांनाही तितक्याच निष्ठेने उजळून दाखवते. त्यामुळे निदानासाठी चिप असली तरी उपचार लागू पडतो आहे की नाही हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो, आणि पूर्वी क्षयाचा उपचार घेतलेल्या माणसाचा होकारार्थी निकाल फार जपून वाचावा लागतो. नव्या यंत्राच्या प्रशिक्षणात हा मुद्दा एका वाक्यात सांगून पुढे जातात. प्रत्यक्षात बरा होत आलेला एखादा रुग्ण स्वतःहून ‘त्या नव्या मशीनवर बघा’ म्हणतो, आणि त्याला न भिववता, पण खोटेही न सांगता, नकार देणे हे त्या दिवसाचे सर्वांत अवघड काम ठरते.

रोग निश्चित झाल्यावर रुग्णाचे नाव ‘नि-क्षय’ या राष्ट्रीय नोंदवहीत चढते, पोषणासाठी महिन्याला मिळणारे साहाय्य, जे २०१८ पासून ५०० रुपये होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, त्यासाठी बँकेच्या खात्याचा तपशील लागतो, आणि ज्याच्याजवळ खातेच नाही त्याच्यासाठी आशाताईला पुन्हा वाडीवर जावे लागते. वापरलेली चिप तोवर हायपोक्लोराइटच्या ताज्या द्रावणात बुडवलेली असते, कारण तिच्यात आता त्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती असतात आणि त्यातली एखादी जरी हवेतून पुढच्या रुग्णाच्या नळीत पोहोचली तरी निरोगी माणूस रोगी ठरू शकतो. मोठ्या प्रयोगशाळांत याच भीतीपोटी तीन स्वतंत्र खोल्या ठेवतात. येथे खोली एकच, म्हणून चिप बाहेर काढणारा हात स्वच्छ नळ्यांच्या टेबलाकडे वळण्याआधी हातमोजे बदलतो, आणि ही शिस्त कोणी पाहत नसतानाही पाळावी लागते.

सहा महिन्यांचे औषध संपत आले की रुग्ण शेवटच्या तपासणीला येतो. तोपर्यंत बहुधा त्याला बेडका निघेनासा झालेला असतो, आणि या वेळी डबीत थोडेसेच, पाण्यासारखे काही असले तरी ती कोणी परत करत नाही. त्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरला जातो, रंग चढवला जातो, आणि तेलाच्या थेंबाखाली एकामागून एक शंभर क्षेत्रे पाहिली जातात. शेजारी चिपांची पाकिटे न उघडता पडलेली असतात. शंभरावे क्षेत्र पाहून होईपर्यंत तो माणूस बाहेर बाकावर, कामशेतला जाणाऱ्या गाडीकडे एक डोळा ठेवून, बसलेला असतो.